सिमेंटचा चेंडू

आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यांत जास्त मार कोणी खाल्ला असेल तर पूर्वेकडच्या भिंतीने. घरकुल मंजूर झालं होतं. बाबा स्वतः गवंडी, त्यामुळे दुसऱ्यांची घरं बांधून जो वेळ उरेल त्यात ते आमचं बांधायचे, आणि असा वेळ फारसा उरायचा नाही. चार भिंती, वर पत्रे, पुढे ओटा आणि एकाच भिंतीला गिलावा, असं ते घर दोन वर्षं उभं होतं. गिलाव्याची भिंत गुळगुळीत, म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण शालू पहाटे उठून तिच्यावरच चेंडू मारायचो. ठक्क, मग चेंडू परत काठीच्या जाळीत आल्याचा बारीक फस्स, पुन्हा ठक्क. शंभर उजव्या हाताने, शंभर डाव्या. आत माय चुलीपुढे भाकरी थापायची. तिचं थापटणं आणि आमचं ठक्क यांचा कधी मेळ बसायचा, कधी बसायचा नाही, आणि नाही बसला की ती आतून ओरडायची, "अवो, भिंतीचा जीव घेता काय? बापानं हाताचे फोडं करून गिलावा केला हाये!" बाबा तोंड धुऊन आले की भिंतीवर उमटलेल्या गोल डागांवरून तळहात फिरवायचे, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकायचे आणि सायकलवर अनसिंगकडे निघून जायचे. त्यांना राग येतच नाही असं मला वाटायचं. राग गिळायची त्यांना सवय होती, आणि त्या सवयीचा आम्ही पोरींनी भरपूर फायदा घेतला.

खेळाचं नाव लॅक्रॉस. कमरेएवढी काठी, टोकाला जाळी. त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळताना सांडू न देता पुढे न्यायचा, जोडीदारणीला द्यायचा आणि शेवटी गोलात मारायचा. हात लावायचा नाही. एवढं समजावून सांगितलं तरी गावात कोणाला तो खेळ वाटायचा नाही. आम्ही काठ्या घेऊन निघालो की पानठेल्यावरून हाक यायची, "काहून वो, फुलपाखरं धरायले चालल्या काय?" दुसरा म्हणायचा, "फुलपाखरं नाही बापा, मासोळ्या." हा खेळ आमच्याकडे आणला भोयर सरांनी. सर किन्हीराजाचे. आमच्या शाळेत मानधनावर खेळ शिकवायचे, आणि मानधन म्हणजे नोकरी नव्हे हे त्यांच्या बायकोपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला मैदानात बसवून सांगितलं, "कबड्डीले अख्खा जिल्हा उतरते, खो-खोले अख्खा जिल्हा उतरते. तिथं नंबर लागता लागता म्हाताऱ्या व्हाल. जिथं लाइनच नाही ना, तिथं जाऊन उभं राहा, पोरीहो. राज्याचं सर्टिफिकेट हाती आलं का पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेवर फॉर्म भरता येते." आम्हाला लॅक्रॉस कळण्याआधी पोलीस भरती कळली, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या वस्तीतली एक ताई भरती झाली होती तेव्हा विहारात पेढे वाटले होते. पुढे ती खाकीत गावात आली, तेव्हा पानठेल्यावरची तीच मंडळी उठून उभी राहिली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी माझ्यासाठीही तसं उभं राहावं याची मला भूक होती.

सर हा खेळ एका शिबिरात चार दिवस शिकून आले होते, बाकीचा मोबाइलवर बघून. काच तडकलेल्या त्या मोबाइलवर कुठल्या तरी देशातल्या पोरी हिरव्यागार गवतावर पळायच्या आणि आम्ही डझनभर जणी सरांच्या खांद्यावरून डोकावायचो. इंग्रजी सगळं त्यांना कळायचं नाही, म्हणून सरावाला त्यांनी आपलीच नावं दिली होती. काठी छातीशी धरून मनगट हलवत पळायचं, म्हणजे चेंडू जाळीत झुलत राहतो आणि सांडत नाही, तो 'पाळणा'. घरंगळत जाणारा चेंडू पळता पळता वाकून जाळीत खरवडून घ्यायचा, ती 'उचल'. घरी पहाटे करायची ती 'भिंत'. उचलीच्या वेळी काठीचा मागचा हात जमिनीपर्यंत गेला नाही, तर चेंडू जाळीच्या कडेला लागून पुढे पळायचा आणि सर ओरडायचे, "कंबर खाली, कंबर! निंदायले वाकता येते आन् चेंडूले नाही येत?" खरं तर सोयाबीन निंदून निंदून पाठी मोडलेल्या पोरींना वाकायला शिकवावं लागलं नाही. शिकवावं लागलं ते वाकून तसंच उठायला. खऱ्या काठ्या चारच होत्या. बाकीच्या आम्ही बांबूला तारेचं कडं बांधून आणि त्याला कांद्याच्या जाळीदार पोत्याची दुहेरी जाळी शिवून केल्या होत्या. सराव संपला की सर डब्यातून भिजवलेले हरभरे आणि गूळ काढायचे. ओंजळभर हरभरे घेऊन मैदानाच्या कडेला बसायचं, नडग्यांवर सुकलेली माती नखाने खरवडायची, आणि घरी जाऊन मायने फोडणी दिलेली कालची भाकर हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी खायची. आता डॉक्टरने मला गूळ बंद केला आहे आणि हरभरे दातांनी बंद केले आहेत, पण पोट भरल्याची जी काही आठवण माझ्याजवळ आहे ती त्याच सकाळींची आहे.

मी फेकणारी. मामाच्या वावरात घरच्यापुरती ज्वारी असायची, तिच्यावरची पाखरं हाकायला मी लहानपणापासून माळ्यावर बसायचे, आणि गोफण फिरवून फिरवून माझा खांदा तयार झाला होता. सर म्हणायचे, "रत्ने, तुया हात म्हणजे बंदूक हाये." शालू माझ्याहून दीड वर्षाने लहान. तिला फेकता येत नव्हतं, पळणंही बेताचंच. पण ती घाबरायची नाही. गोल अडवणारी, म्हणजे गोली, निवडायची होती तेव्हा सरांनी सगळ्यांना शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात मागे बांधायला लावले आणि समोरून कापडी चेंडू तोंडावर फेकले. डोळा मिटला की बाद. मी दुसऱ्याच चेंडूला बाद झाले. शालू शेवटपर्यंत उभी राहिली, चेंडू नाकावर आपटला तरी डोळे टक्क उघडे. त्या दिवशी ती गोली झाली आणि त्याच दिवसापासून माझं बिनसलं. घरी मोठी मी, मैदानात मोठी ती. जगातल्या कुठल्याही पोरीला मी गोल मारला असता, पण हिला मारता येत नव्हता, कारण माझा खांदा वळायला लागला की चेंडू कुठे येणार ते तिला आधीच कळायचं. एका गोधडीत झोपणाऱ्या बहिणीपासून काय लपून राहतं? तिने अडवला की बाकीच्या पोरी टाळ्या वाजवायच्या, शालू काहीच न बोलता चेंडू माझ्याकडे परत टाकायची, आणि तिच्या त्या न बोलण्याचाच मला जास्त संताप यायचा. तिच्या डोक्यावर शाळेच्या खोलीत सापडलेलं एक जुनं क्रिकेटचं हेल्मेट असायचं. तोंडापुढच्या लोखंडी जाळीचा एका बाजूचा स्क्रू पडला होता. तिथे बाबांनी सळया बांधायच्या तारेने ती पक्की बांधून दिली होती. आमचे चेंडू त्या जाळीवर शेकडो वेळा आपटून खाली पडले असतील; कधी काही झालं नाही.

चेंडूंचं मात्र नीट सांगायला हवं. खरे रबरी चेंडू तुरीत आणि विहिरीत जाऊन जाऊन दोन उरले, तेव्हा सरांनी युक्ती काढली. किराणा दुकानाच्या तराजूत एका पारड्यात खरा चेंडू ठेवला, दुसऱ्यात टेनिसचा जुना चेंडू, आणि टेनिसच्या चेंडूला चीर पाडून काटा बरोबर येईपर्यंत त्यात ओली रेती भरली. वरून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. दुकानदार म्हणाला, "सर, हे कोणत्या भावानं देता?" रेतीचा चेंडू मऊ बसायचा, कोणाला लागला तरी निळा डाग पडण्यापलीकडे काही व्हायचं नाही. पण आठ दिवसांत रेती गळायची आणि चेंडू हवेत वेडावाकडा जायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं झालं होतं. नेम चुकला की मी रेतीला नावं ठेवायचे. एका दुपारी बाबांच्या घमेल्यात उरलेला सिमेंटचा माल मी चमच्याने एका चेंडूत भरला, काडीने ठोसून ठोसून, ठिगळ लावलं आणि दोन दिवस माठाखालच्या ओलीत ठेवला. गवंड्याची पोर मी. सिमेंटला पाणी पाजावं लागतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. तराजूत घालायचं मात्र मी टाळलं. जड चेंडूने भिंत केली की मनगट पक्कं होतं आणि मग हलका चेंडू सुसाट जातो, असं माझं गणित होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बाहेरून तो बाकीच्यांसारखाच दिसायचा. आत धोंडा होता. शालूने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, "ताई, हा मैदानात नेऊ नको हां." मी म्हटलं, "मी काय येडी हाये काय?"

संघाच्या निवडीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच चेंडूने भिंत करत होते. ताटाएवढा गिलाव्याचा पोपडा खाली आला. माय पिठाच्या हातांनी बाहेर आली, पोपड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगणातले सगळे चेंडू गोळा करून पिशवीत कोंबून तिने वरून गाठ मारली. "घे थे गोटे आन् जाय मसनात! तुया बाप आला का त्याले तूच दाखव." त्या पिशवीत तो चेंडू गेला हे मी पाहिलं. सकाळी काढून ठेवू म्हटलं आणि जेवायला बसले. तुरीच्या सोल्यांची आमटी होती, ती मला फार आवडायची. सकाळी पिशवी माझ्याच खांद्यावर होती. विसरले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. मी कंटाळा केला. ढिगातला एकेक चेंडू दाबून तो शोधायचा, आणि मैदानावर चुन्याच्या रेषाही मारायच्या होत्या.

निवडीला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात पॅड. संघात जागा थोड्या होत्या आणि राज्याच्या स्पर्धेला गेल्याशिवाय सर्टिफिकेट नव्हतं. सराव असा होता: सर बाजूने चेंडू घरंगळत सोडायचे, आपण पळत जाऊन उचल करायची, पाळणा करत गोलासमोर यायचं आणि मारायचा. शालूने एकामागून एक सगळ्यांचे अडवले. मॅडम सरांना म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात, "ही गोलकीपर फायनल. हिला पुढच्या कॅम्पलासुद्धा पाठवा." सरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचीच निवड पक्की झाली. माझे मात्र सगळे अडले. एक तर तिने काठीच्या दांड्यानेच परतवला. मॅडम घड्याळ पाहायला लागल्या, पॅडवर काहीतरी खोडलं. ते माझंच नाव असणार अशी माझी खात्री झाली. सर म्हणाले, "रत्ना, शेवटचा. मन लावून मार, बेटा."

सरांची नजर मॅडमच्या पॅडवर होती; हाताला आला तो चेंडू त्यांनी सोडला. मी पळाले, वाकले, उचलला, आणि उचलताक्षणीच कळलं. काठीचं टोक खाली ओढलं गेलं. ज्या मनगटाने महिनाभर त्या चेंडूने भिंत फोडली होती, त्या मनगटाला काय सांगावं लागतं? तिथून गोल आठ-दहा पावलांवर होता. थांबता आलं असतं. चेंडू सांडता आला असता. रोज कोणी ना कोणी सांडायचंच, त्यात लाज नव्हती. मी सांडला नाही. मी छान पाळणा केला. त्या आठ-दहा पावलांत माझ्या मनात काय होतं ते मला अजून लख्ख आठवतं आणि तेवढ्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. मनात एवढंच होतं की हा हिला अडणार नाही. तिला लागावं असं नव्हतं. लागू नये असंही नव्हतं. समोर शालू आहे हेच मनात नव्हतं. गोल होता आणि भरती होती. मी खांद्यातून मारला. शालू नेहमीसारखी एक पाऊल पुढे आली. हेल्मेटवर आवाज झाला तो वेगळाच होता, घरात पाण्याचा पितळेचा गुंड हातातून पडावा तसा. लोखंडी जाळी आत दबली, बाबांची तार तुटली. शालू पडली नाही, हळूच खाली बसली, आणि चेंडू तिच्या खांद्यावरून मागे घरंगळून चुन्याच्या रेषेपलीकडे गेला. "गोल," मॅडम म्हणाल्या, सवयीने, आणि मग किंचाळल्या. तो शब्द ऐकून मला आनंद झाला. तो किती वेळ टिकला ते सांगता येणार नाही, पण भीती नंतर आली, आनंद आधी झाला.

तुटलेल्या तारेचं टोक तिच्या डाव्या डोळ्यात गेलं होतं. सरांनी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे मला, आणि मी तिला धरून वाशीमपर्यंत आणलं. वाटेत ती एकदाच बोलली, "ताई, घट्ट धर वो." वाशीमहून अकोल्याला नेलं. डोळा वाचला नाही. दवाखान्याच्या बाकावर एका बाजूला बाबा आणि एका बाजूला सर, मध्ये मी. बाबा कामावरून तसेच आले होते, बोटांच्या पेरांत सिमेंट वाळलेलं. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "तार म्या बांधली होती, सर. म्या डबल बांधाले पाहिजे होती." सर म्हणायचे, "नाही दादा, हेल्मेट माह्यं, मैदान माह्यं, पोरी माह्या भरवशावर. चूक माह्यी हाये." बाबा म्हणायचे, "तुमची कशी? तार तं म्या बांधली." दोन मोठी माणसं माझ्या डोक्यावरून माझी चूक एकमेकांच्या हातातून ओढून घेत होती, आणि मी बाकाखालच्या फरशीकडे बघत बसले होते. बाबांच्या घमेल्यातूनच तो माल घेतला होता, हे तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी तोंडात जुळवलंसुद्धा होतं. मायने चहा आणला आणि मी चहा प्यायले.

चार दिवसांनी सरांनी सगळ्या पोरींना मैदानात बसवलं. त्यांच्या हातात तोच चेंडू होता, ठिगळ सुटलेला, आतून राखाडी. "हा कोणी केला?" कोणाला माहीत नव्हतं. माझ्याशिवाय ज्या एकीला माहीत होतं ती दवाखान्यात होती. सरांनी माझ्याकडेही पाहिलं, पण त्या पाहण्यात संशय नव्हता, कीव होती. बहिणीचा डोळा गेलेली पोर. त्यांनी लेखी जबाब दिला की चेंडू मी तपासले नाहीत, जबाबदारी माझी. पुढच्या वर्षी त्यांना मानधनावर घेतलं नाही. गावात तर त्यांना नको नको ते बोलले लोक. "पोट्टीचा डोळा खाल्ला त्या मास्तरनं," हे मी पानठेल्यावर स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मान खाली घालून पुढे गेले. मॅडमच्या यादीत माझं नाव होतं. मी राज्याच्या स्पर्धेला जाऊन आले. तिथे मला अर्ध्या सामन्यापुरतं उतरवलं, आणि सर्टिफिकेट सगळ्यांना मिळतं तसं मलाही मिळालं.

शालू घरी आली तेव्हा आमची भिंत गप्प झालेली होती. माय भाकरी थापायची तेवढाच आवाज. शालू अंगणात चालताना डावीकडच्या खाटेला ठेचकाळायची, पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडायची, आणि मायने हात पुढे केला की चिडायची. मग एका पहाटे मला ठक्क ऐकू आलं. बाहेर आले तर शालू काठी घेऊन भिंतीसमोर. चेंडू भिंतीवरून परत यायचा आणि ती जाळी धरायची ती चेंडूपासून वीतभर लांब. चेंडू मागे जायचा. ती जाऊन आणायची, पुन्हा मारायची. एका डोळ्याने जवळ-लांब कळत नाही, हे मला डॉक्टरांनी नव्हे, त्या सकाळने सांगितलं. मला पाहून ती म्हणाली, "तू टाक." मी अलगद टाकला. हुकला. आणखी अलगद टाकला. तोही हुकला. तिने चेंडू उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हळू कायले टाकून राह्यली? त्या दिवशी टाकला तसा टाक."

मी म्हटलं, "शालू, मले..."

"मले माईत हाये. तू उचलला तवाच काठी खाली गेली. म्या पाह्यलं ना."

"मंग तू बाजूले काहून नाही झाली?"

ती रागात नव्हती, हे मी देवाशपथ सांगू शकत नाही कारण आमच्या घरात देव नाही, पण ती खरंच रागात नव्हती. म्हणाली, "मले वाटलं तू टाकणार नाही."

मी रडले. तिने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "बाबाले नको सांगू. त्याहिले म्या समजावून सांगतलं का तार गंजली होती, कोणीबी बांधली असती तरी तुटली असती. माल आपल्या घमेल्यातला होता हे त्याहिले कळलं तं ते थापी हातात धरणार नाहीत. पण सरले सांग. सरचं घर बसलं वो, ताई. सरले तू सांगच." मी हो म्हटलं. आज सांगते, उद्या सांगते करत भरतीचे फॉर्म निघेपर्यंत वेळ गेला.

फॉर्मला प्रशिक्षकाच्या सहीचा दाखला लागत होता, म्हणून मी एसटीने किन्हीराजाला गेले. दाखला घ्यायचा आणि सांगायचं, दोन्ही एकाच खेपेत, असं शालूशी बोलून ठरलं होतं. सर भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसत होते. भुवया, केस, मिशा, सगळं पिठाने पांढरं; पहिल्यांदा मी त्यांना ओळखलंच नाही. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायांना सांगायला लागले, "हे माह्यी पोरगी. पोलीस होऊन राह्यली." हात पॅन्टला पुसून त्यांनी पेटीवर कागद ठेवला आणि सावकाश सही केली. मग विचारलं, "शालू कशी हाये?" मी म्हटलं, बरी आहे. ते म्हणाले, "रोज वाटते मले. म्या पिशवी पालथी करून एकेक चेंडू दाबून पाह्यला असता तं..." गिरणीच्या आवाजात पुढचं विरून गेलं. मी म्हटलं, "सर." त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं, "सर, एक सांगाचं होतं." तेव्हा ते उठले आणि त्यांनी गिरणीच बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. डबे घेऊन बसलेल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. सर म्हणाले, "बोल, बेटा." माझ्या हातात दाखला होता आणि सहीची शाई अजून ओली होती. मी म्हटलं, "काही नाही सर. जय भीम." ते हसले, जय भीम म्हणाले आणि त्यांनी गिरणी चालू केली.

घरी आले तेव्हा शालू ओट्यावर बसून बोटांनी चाचपत हरभऱ्याची भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सांगतलं?" मी म्हटलं, "सांगतलं." "काय म्हणले?" मी म्हटलं, "म्हणले, लहान होती तू, जाऊ दे. म्हणले, बरं झालं सांगतलं, माह्या जिवावरचा भार गेला." शालूने भाजी बाजूला ठेवली आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं. त्या संध्याकाळी, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच, तिने मायकडे दुसरी भाकर मागितली.

मी भरती झाले, खाकीत गावात गेले, पानठेल्यावरची मंडळी उठून उभी राहिली. बाबा आणि सर दोघंही, चूक आपलीच होती असं धरून, जग सोडून गेले. सर वारल्याचं कळलं तेव्हा शालू त्यांच्या घरी भेटून आली आणि मला म्हणाली, "बरं झालं, तू येळेवर सांगतलं होतं." मी लिहिलेलं सगळं ती वाचते, कागद उजव्या अंगाला धरून, सावकाश, एकेक ओळ. हेही वाचेल. शालू, मी त्या दिवशी किन्हीराजाहून फक्त सही घेऊन आले. सर जे बोलले म्हणून तुला सांगितलं, ते मी एसटीत बसून जुळवलं होतं.